हवेचा दाब म्हणजे काय? कोल्हापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

मे संपत आला की टीव्हीवर ‘कमी दाबाचा पट्टा’ सुरू होतो आणि पंचगंगेकाठच्या माणसाचा जीव त्या तीन शब्दांत अडकतो. तरीही दाब म्हणजे नेमकं काय, तो मोजतात कसा, फोनमधला आकडा खरा मानायचा का, हे फार थोड्यांना नीट सांगितलेलं असतं. नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आकडे मुद्दाम कोल्हापूरच्या उंचीचे दिले आहेत. पाठ्यपुस्तकातले बहुतेक आकडे समुद्रकाठचे असतात आणि आपण समुद्रकाठी राहत नाही.

हवेचा दाब म्हणजे नेमकं काय?

आपल्या डोक्यावर जेवढी हवा आहे तिचं वजन. हवेला वजन असतं हेच आधी पटत नाही, पण एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच एवढ्या जागेत कोल्हापुरात साधारण १.१ किलो हवा मावते. असा हवेचा खांब थेट आभाळाच्या वरच्या टोकापर्यंत उभा आहे असं समजा. त्याचं वजन खालच्या एक चौरस मीटर जमिनीवर पडतं तेव्हा ते जवळजवळ पावणेदहा टन भरतं. हाच आपल्याकडचा हवेचा दाब.

मोजण्याचं एकक हेक्टोपास्कल. जुनी माणसं मिलिबार म्हणतात, आकडा तोच राहतो. समुद्रसपाटीवर प्रमाण दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल धरतात, म्हणजे ७६० मिलिमीटर पाऱ्याएवढा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचावर आहे. तेवढी हवा आपल्या खाली राहिली, म्हणून इथे दाब ९५० च्या आसपास असतो.

एवढं वजन अंगावर असताना आपण चिरडत कसे नाही?

दाब फक्त वरून पडत नाही, सगळ्या बाजूंनी सारखा असतो. शिवाय फुफ्फुसातली, कानातली, पोटातली हवाही त्याच दाबाची असते. आतलं आणि बाहेरचं जुळलेलं असतं तोवर काहीच जाणवत नाही. हे जुळणं बिघडलं की लगेच कळतं. घाटात ते कळतं, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

माझा फोन ९५१ दाखवतो आणि हवामानाचं ॲप १००८. खरं कोणतं?

दोन्ही खरे. हाच प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

बऱ्याच फोनमध्ये दाब मोजणारा बारीकसा सेन्सर असतो. तो जिथे तुम्ही उभे आहात तिथला दाब सांगतो. ॲपवरचा आकडा बहुधा तुमच्या फोनने मोजलेला नसतोच. तो हवामानकेंद्रांच्या नोंदींवरून आणि संगणकाच्या गणितावरून येतो, आणि तो ‘समुद्रसपाटीला आणलेला’ असतो. म्हणजे कोल्हापूर उचलून रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ठेवलं असतं तर इथे किती दाब भरला असता, तो आकडा.

असं का करतात? कोल्हापूर ९५०, रत्नागिरी १००८ आणि पन्हाळा ९०५ असे आकडे नकाशावर तसेच मांडले तर तो डोंगरदऱ्यांचा नकाशा होईल. हवामानाचा त्यात पत्ता लागणार नाही. उंचीचा हिशेब वजा केला की मगच खरोखर कुठे हवा कमी झाली आणि कुठे साचली ते दिसतं.

याचं एक उदाहरण कायम लक्षात ठेवण्यासारखं आहे. मे २०२१ मधलं तौक्ते चक्रीवादळ सर्वांत जोरात होतं तेव्हा त्याच्या केंद्रातला दाब ९५० हेक्टोपास्कलपर्यंत उतरला होता. हा अंदाज भारतीय हवामान विभागाचा. तेवढाच दाब महाद्वार रोडवर रोज, निरभ्र आकाशाखाली असतो. १९९९ मध्ये ओडिशाला झोडपणाऱ्या महाचक्रीवादळाचा केंद्रातला दाब ९१२ होता. पन्हाळ्यावर त्याहून कमी दाबात लोक झुणका-भाकर खात बसलेले असतात. समुद्रावर १०१० च्या जागी ९१२ होणं भयानक, पन्हाळ्यावर ९०५ असणं नेहमीचं. तेव्हा नुसता आकडा ऐकून काहीच ठरवू नका. तो किती उंचीवरचा, किती वाजताचा आणि कालच्या मानाने किती बदललेला, या तीन गोष्टी विचारल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

उजळाईवाडी विमानतळावर उतरणाऱ्या वैमानिकालाही हाच हिशेब लागतो. विमानातला उंचीमापक मुळात दाबमापकच असतो. आपल्याकडे साधारण नऊ मीटर वर गेलं की एक हेक्टोपास्कल कमी होतो. त्यामुळे जमिनीवरून कळवलेला त्या वेळचा दाब वैमानिक यंत्रात लावून घेतो. त्यात पाचाची चूक झाली तर उंचीत पंचेचाळीस मीटरची चूक.

घरात आजोबांच्या वेळचं पितळी बॅरोमीटर आहे. काटा बारा महिने ‘स्टॉर्मी’वरच असतो. बिघडलंय का?

बहुधा नाही. ही यंत्रं युरोपातल्या हवेसाठी आणि समुद्रसपाटीसाठी बनवलेली. तबकडीवर पाऱ्याच्या २८ इंचांना वादळ, २९ ला पाऊस, ३० ला स्वच्छ हवा असं छापलेलं असतं. कोल्हापूरचा दाब इंचांत मोजला तर २८ च भरतो, मग काटा दुसरीकडे जाणार कसा? मागच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो. तो अगदी हळू फिरवून काटा त्या वेळच्या समुद्रसपाटीच्या दाबावर आणता येतो. जुन्या काही यंत्रांत तेवढा वाव नसतो, तिथे जोर करू नका.

काटा नीट लागला तरी तबकडीवरच्या शब्दांवर भिस्त ठेवू नका. युरोपात एकामागून एक वादळी प्रणाली येतात आणि दोन दिवसांत दाब वीस-तीसने हलतो. आपण उष्ण कटिबंधात. इथे अख्ख्या वर्षाचा फरक दहाच्या आसपास: समुद्रसपाटीला आणलेला दाब हिवाळ्यात साधारण १०१४, जून-जुलैत १००५. तरी अशी वस्तू अडगळीत टाकू नका. आतली हवा काढलेली पत्र्याची डबी दाबाने दबते-फुगते आणि काटा फिरतो, ही रचना फ्रान्सच्या ल्यूसियाँ व्हिदीने १८४० च्या दशकात केली. ती अजून चालते.

रोज दुपारी दाब तीन-चारने उतरतो. म्हणजे संध्याकाळी पाऊस नक्की?

नाही. हे रोजचंच आहे आणि कडक उन्हाळ्यात, ढगाचा ठिपका नसतानाही होतं. उष्ण कटिबंधात दाबाला दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. सकाळी दहाच्या सुमारास दाब चढलेला असतो, दुपारी चारला उतरलेला, पुन्हा रात्री दहाला चढलेला आणि पहाटे चारला उतरलेला. वातावरणाच्या वरच्या थरांतला ओझोन आणि हवेतली वाफ सूर्याच्या उष्णतेने तापतात आणि सगळं वातावरणच लयीत हेलकावे खातं. दुपारचा आकडा सकाळच्या आकड्याशी ताडून पाहणारा माणूस हमखास फसतो. आज चारला जे दिसतं ते काल चारला जे होतं त्याच्याशी ताडा.

कमी दाबाचं क्षेत्र तिकडे बंगालच्या उपसागरात होतं, मग पूर पंचगंगेला कसा?

आधी एवढं धरून चालू की हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे धावते. मोसमी पाऊस हा याच धावण्याचा सगळ्यांत मोठा खेळ. मे-जूनमध्ये राजस्थान-पाकिस्तानचा वाळवंटी पट्टा तापून तिथला दाब खूप उतरतो. त्याच वेळी दक्षिण गोलार्धात, मादागास्करच्या पूर्वेला मस्कारेन बेटांच्या परिसरात जास्त दाबाचं क्षेत्र असतं. तिथून निघालेली हवा विषुववृत्त ओलांडून, अरबी समुद्रावरून वाफ घेत आपल्याकडे येते.

जुलै-ऑगस्टमध्ये बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात कमी दाबाचं क्षेत्र तयार होऊन ओडिशा, छत्तीसगडकडे सरकलं की ओढ आणखी वाढते. आपल्या बाजूने अरबी समुद्रावरचे पश्चिमी वारे जोर धरतात. सोबतीला गुजरातपासून केरळपर्यंत किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा असेल तर मग विचारायलाच नको. ही बाष्पाने भरलेली हवा सह्याद्रीला येऊन धडकते, वर चढते, थंड होते आणि गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीवर कोसळते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती एकाच वेळी फुगतात आणि प्रयाग चिखलीपासून पुढे ते सगळं पंचगंगेच्या पात्रात येतं.

ऑगस्ट २०१९ मध्ये असंच झालं. पहिल्या आठवड्यात उपसागराच्या उत्तरेला कमी दाबाची प्रणाली तीव्र होत ओडिशाच्या किनाऱ्याकडे गेली आणि इकडे घाटमाथ्यावर पाऊस थांबेना. राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोळ तालुक्यात तर स्वतःचा पाऊस थोडाच पडतो, पण नृसिंहवाडीला पंचगंगा आणि कृष्णा मिळतात. वरच्या पावसाचं पाणी तिथे तुंबलं आणि घरं दिवसेंदिवस पाण्यात राहिली. म्हणून ‘ओडिशाजवळ कमी दाब’ ही बातमी दूरची समजून सोडू नये असं मला मनापासून वाटतं. नदीकाठच्या मोटरी काढायला आणि जनावरं हलवायला मिळणारा वेळ त्या बातमीतच असतो.

अर्थात प्रत्येक कमी दाबाने पूर येत नाही. प्रणाली कोणत्या वाटेने जाते, किती दिवस रेंगाळते, धरणं आधी किती भरलेली आहेत, हे सगळं जुळून यावं लागतं.

हवा कमी दाबाकडे धावते म्हणता, मग वारा सरळ तिकडेच का वाहत नाही?

पृथ्वी फिरते म्हणून. उत्तर गोलार्धात वाहता वारा उजवीकडे ढकलला जातो आणि कमी दाबाच्या केंद्राभोवती घड्याळाच्या उलट दिशेने वळसा घेत आत शिरतो. डच हवामानशास्त्रज्ञ बाइस बॅलट यांनी १८५७ मध्ये यावरून एक सोपा नियम सांगितला: वाऱ्याकडे पाठ करा, कमी दाब तुमच्या डाव्या हाताला.

जुलैत रंकाळ्यावर करून पाहा. चौपाटीवर उभं राहिलं की पाण्यावरून येणारा पश्चिमेचा वारा तोंडावर बसतो, छत्री उलटी करतो. त्याच्याकडे पाठ फिरवा, तोंड शहराकडे होईल. आता डावा हात उत्तरेला. मोसमी हंगामात कमी दाबाचा मोठा आस राजस्थानपासून बंगालच्या उपसागरापर्यंत पसरलेला असतो, म्हणजे आपल्या उत्तरेलाच. इमारतींच्या गल्लीत हा प्रयोग करू नका, तिथे वारा भिंतींप्रमाणे वळतो.

वळवाच्या वेळी दाबाचं काय होतं?

एप्रिल-मेच्या दुपारी ढग भरून आले की दाब किंचित उतरतो. मग धूळ उडवत गार वारा सुटतो, आणि त्याच क्षणी दाब एक-दोन हेक्टोपास्कलने झटकन चढतो. पावसाने गार झालेली जड हवा ढगातून खाली आदळून चहूकडे पसरते, त्या वजनाची ती नोंद. फोनमध्ये सेन्सर असेल तर आलेख लावून ठेवा. मिनिटांत उभी चढलेली रेघ दिसते आणि मागोमाग टपोरे थेंब.

दमट हवा जड असते ना? मग पावसाळ्यात दाब कमी कसा?

अंगाला चिकचिक होते म्हणून ती जड वाटते. प्रत्यक्षात वाफेचा रेणू कोरड्या हवेच्या रेणूंपेक्षा हलका असतो (१८ विरुद्ध सरासरी २९), त्यामुळे वाफ मिसळली की हवा हलकीच होते. पावसाळ्यात दाब उतरण्याचं मुख्य कारण मात्र वर सांगितलेला तो मोठा कमी दाबाचा आस.

आंबा घाट उतरताना कान का बंद होतात?

कानाच्या पडद्यामागच्या पोकळीतली हवा एका बारीक नळीने घशाशी जोडलेली असते. घाट झपाट्याने उतरला की बाहेरचा दाब वाढतो आणि पडदा आत ढकलला जातो. आवंढा गिळला किंवा जांभई दिली की नळी उघडते, ‘टक्’ होतं आणि कान मोकळा. सर्दीत ती नळी सुजलेली असते, म्हणून तेव्हा जास्त दुखतं. तान्ह्या बाळाला घाटात अंगावर पाजत राहावं, ते गिळतं आणि कान आपोआप सुटतात.

आंबा घाटाच्या माथ्यावर अर्धी प्यालेली पाण्याची पातळ बाटली घट्ट झाकण लावून ठेवा. रत्नागिरीला पोचेपर्यंत ती कुशीत चेपलेली दिसेल. आणि रत्नागिरीहून वेफर्सचं पाकीट आणलंत तर कोल्हापुरात ते टम्म फुगलेलं असतं. साठ हेक्टोपास्कलचा फरक डोळ्यांनी बघायची याहून चांगली सोय नाही.

उन्हाळ्यात नदीचं पाणी खाली गेलं की मोटर पाणी का उचलत नाही? मोठी मोटर बसवू का?

मोठी मोटर घेण्याआधी हे वाचा, पैसे वाचतील.

काठावर बसवलेला सेंट्रिफ्युगल पंप पाणी ‘ओढतो’ असं आपण म्हणतो. खरं तर पंप सक्शन पाइपमधली हवा काढतो आणि नदीच्या पाण्यावर बाहेरून पडलेला हवेचा दाब पाण्याला पाइपात वर ढकलतो. म्हणजे ढकलणारी हवा आणि तिची ताकद ठरलेली. समुद्रसपाटीला ती पाणी १०.३ मीटरपर्यंत चढवू शकते, कोल्हापुरात ९.७ मीटरपर्यंत. पाइपातलं घर्षण, वाकणं, फूटव्हॉल्व्हची (पाइपाच्या तळाच्या झडपेची) जाळी यांत बराच भाग जातो आणि हातात सहा-सात मीटर उरतात. पाणी त्याहून खाली गेलं की पाच हॉर्सपॉवरच्या जागी दहाची बसवा, दाब काही वाढत नाही. मोटर खालच्या टप्प्यावर घ्या, किंवा पाण्यात बुडणारी सबमर्सिबल वापरा. ती पाणी खालून ढकलते, तिला ही मर्यादा नाही.

पाइपाच्या जोडात बारीक फट असेल तरी हेच होतं. बाहेरची हवा फटीतून आत शिरते, पंपात भरलेलं पाणी फूटव्हॉल्व्हमधून उतरतं आणि मोटर नुसती घुमत राहते. आधी जोड तपासा, मग फूटव्हॉल्व्हमध्ये काडी-कचरा अडकलाय का बघा, पाणी भरून हवा काढा आणि मगच दोष मोटरला द्या.

दाबाचा शोधही याच अडचणीतून लागला. सतराव्या शतकात इटलीत पंपाने पाणी दहा मीटरच्या वर येईना, हे कोडं गॅलिलिओपर्यंत गेलं होतं. त्याचा शिष्य टॉरिसेली याच्या डोक्यात आलं की पाण्याऐवजी साडेतेरा पट जड पारा घेतला तर प्रयोग टेबलावर मावेल. १६४३ मध्ये नळीतला पारा ७६ सेंटीमीटरवर येऊन थांबला. पुढे पास्कलच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिए १९ सप्टेंबर १६४८ ला तशीच नळी घेऊन फ्रान्समधल्या प्वी द दोम डोंगरावर चढला. वर पारा सुमारे आठ सेंटीमीटर उतरलेला आढळला, आणि दाब म्हणजे वरच्या हवेचं वजन हे सिद्ध झालं. तशी नळी कोणी पन्हाळ्यावर नेली असती तर पायथ्यापेक्षा पारा सुमारे तीन सेंटीमीटर खाली दिसला असता.

पन्हाळ्यावर डाळ शिजायला वेळ लागतो हे खरं का?

उघड्या भांड्यात, थोडा. समुद्रकाठी पाणी १०० अंशांना उकळतं, कोल्हापुरात ९८ ला, पन्हाळ्यावर ९७ च्या जवळ. कुकर लावलात तर फरक जवळजवळ जाणवत नाही.

साखर कारखान्यात पॅनच्या (रस आटवायच्या बंद भांड्याच्या) गेजवर २८ इंचांच्या वर निर्वात जातच नाही. गेज खराब आहे का?

गेज बाहेरच्या हवेच्या मानाने किती दाब काढला ते दाखवतं. कोल्हापुरात बाहेरच मुळात २८ इंच आहेत, तर त्याहून जास्त काढणार कुठून? पॅनमध्ये निर्वात ठेवण्याचं कारणही दाबच: दाब उतरवला की रस साठ-सत्तर अंशांना उकळतो आणि साखर करपत नाही, काळी पडत नाही.

ढगाळ हवेत सांधे दुखतात, ते दाबामुळे का?

अनेकांना तसा अनुभव येतो, त्यांचं दुखणं खोटं नाही. दाबाचा त्यात किती हात, यावर संशोधकांत एकमत नाही. एवढं ध्यानात घ्या की कोल्हापूरहून पन्हाळ्याला गेलं की दाब चाळीसच्या वर बदलतो आणि हवामानाने दिवसात बदलतो तो तीन-चारच. गारठा, दमटपणा आणि घरात बसून राहणं हेही त्याच दिवसांत येतं. दुखणं वाढत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

एल निनोचा आणि दाबाचा काय संबंध?

भारतीय हवामान विभागाचे प्रमुख राहिलेले गिल्बर्ट वॉकर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगभरच्या दाबाच्या नोंदी ताडून पाहिल्या. प्रशांत महासागराच्या एका बाजूला दाब चढला की दुसऱ्या बाजूला उतरतो, आणि त्या झोक्याचा आपल्या पावसाशी संबंध आहे, हे त्यांना आढळलं. आज ताहिती आणि ऑस्ट्रेलियातलं डार्विन इथल्या दाबांच्या फरकावरून तो झोका मोजतात. एल निनो, म्हणजे प्रशांत महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा तापणं, याच झोक्याशी जोडलेला आहे. एल निनोच्या वर्षी आपला पाऊस कमी पडण्याची शक्यता वाढते. दर वेळी पडतोच असं नाही.

घरी दाबाची नोंद ठेवायची आहे. कशी ठेवू?

सेन्सर असलेला फोन किंवा साधं डिजिटल यंत्र पुरे. जागा एकच ठेवा, कारण तिसऱ्या मजल्यावर गेलात की एक हेक्टोपास्कल तिथेच गेला. वेळ ठरवा. हवामान विभागाच्या मुख्य नोंदी सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला होतात, त्याच वेळा धरल्या तर ताडून पाहायला सोपं. वहीत तीन रकाने: आजचा दाब, काल याच वेळी असलेला दाब, दोहोंतला फरक. शेजारी वाऱ्याची दिशा आणि पाऊस लिहा. जुलैत हा फरक ओळीने दोन-तीन दिवस उतरता दिसला, पश्चिमेचा वारा वाढला आणि उपसागरात प्रणाली असल्याची बातमी आली, तर घाटमाथ्यावर पाऊस वाढेल असं धरायला हरकत नाही.

पुराचा निर्णय मात्र या वहीवर घेऊ नका. त्यासाठी राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी आणि राधानगरी धरणातून सोडलेल्या विसर्गाचे आकडे बघा. इशारा पातळी ३९ फूट आहे आणि धोक्याची ४३.